मुलांना पायी शाळेत नेणारी ‘चालती बस’: एका सामाजिक उद्योगाच्या सेवेचे परीक्षण

मुलांना गटाने, मोठ्यांच्या सोबतीने आणि ठरलेल्या वाटेने पायी शाळेत पोहोचवणाऱ्या एका सामाजिक उद्योगाची, म्हणजे नफ्यापेक्षा समाजाच्या कामासाठी चालवलेल्या संस्थेची, सेवा आमच्या घरातील दोन्ही मुले घेत आहेत. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि अशी सेवा निवडताना नेमके काय तपासावे हे कळणे वाचकाला नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. सेवा चांगली आहे, हे आधीच स्पष्ट करते. मात्र संस्थेच्या पत्रकावर झळकणारी पिवळी जाकिटे, दोरी धरून चाललेली रांग आणि पुढे शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या ताई हे त्या चांगुलपणाचे केवळ वरचे रूप आहे. वर्गणीचे खरे मोल रांग निघण्याच्या कितीतरी आधी, रस्त्याच्या पाहणीत वसूल होते.

कल्पना तशी जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंगविक्ट या कार्यकर्त्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी ती मांडली: बस जशी थांब्याथांब्यावर प्रवासी घेत जाते, तशी मोठ्यांच्या देखरेखीखाली चालणारी रांग घराघरांतून मुले घेत शाळेकडे निघावी. १९९८ मध्ये ब्रिटनमधील सेंट ऑल्बन्स येथे अशी रांग सुरू झाली आणि इटली, स्वित्झर्लंड या देशांत ती ‘पेदिबस’ या नावाने रुजली. जपानमध्ये शेजारपाजारच्या लहान मुलांनी वरच्या इयत्तेतील मुलाच्या मागोमाग गटाने शाळेत जाण्याची पद्धत तर त्याहून पुष्कळ जुनी. तरीही आमच्या संस्थेच्या कामाचे मूळ मला डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात दिसते. मुलांच्या अपघातांनी अस्वस्थ झालेल्या या शहराने १९७० च्या दशकात शाळाशाळांतून मुलांनाच विचारले, की वाटेवर तुम्हाला धोका कोठे वाटतो; आणि आलेल्या उत्तरांवरून वाहनांचा वेग कमी करणे, रस्ते अरुंद करणे, मध्ये थांबायला दुभाजकाची बेटे बांधणे, पदपथ आणि सायकलमार्ग एकमेकांना जोडणे अशी कामे हाती घेतली. सोबत देणे ही एक गोष्ट आणि रस्ता सुधारून घेणे ही दुसरी. या संस्थेने दोन्ही एकाच सेवेत गुंफल्या आहेत, आणि मुलांना नुसते ने-आण करणाऱ्या सेवांपेक्षा ती वेगळी ठरते ती यामुळेच.

नोंदणीनंतर रांग लगेच सुरू होत नाही. आधी पाहणी होते आणि पालकांनी तिच्यात चालत सहभागी व्हावे असा संस्थेचा आग्रह असतो. पाहणीला आलेल्या कार्यकर्त्या ताईंच्या हातात एक साधी काठी होती आणि तिच्यावर १०५ सेंटीमीटर उंचीवर लाल पट्टी चिकटवलेली होती. सहा वर्षांचे मूल साधारण ११५ सेंटीमीटर उंच असते आणि त्याचे डोळे त्याहून दहाएक सेंटीमीटर खाली असतात, त्या हिशेबाने ती पट्टी. रस्ता ओलांडण्याच्या प्रत्येक जागी ताई काठी उभी करीत, गुडघ्यावर बसत आणि फोनचा कॅमेरा त्या पट्टीला टेकवून डावीकडचे व उजवीकडचे छायाचित्र घेत. मुलांच्या रोजच्या वाटेवरील एका कोपऱ्याचे छायाचित्र त्यांनी मला दाखवले तेव्हा त्यात रस्ता जवळजवळ नव्हताच. उभ्या मोटारीचे दार, तिच्या चाकावरचा वाळलेला चिखल आणि वर आकाशाची एक पट्टी, एवढेच होते. त्याच जागी उभी राहून मला मात्र पुढच्या वळणापर्यंतचा सगळा रस्ता स्वच्छ दिसत होता. ‘दोन्हीकडे बघून रस्ता ओलांड’ हे वाक्य आपण मुलांना उठता-बसता ऐकवतो. त्या कोपऱ्यावर मुलाने कितीही इमानाने दोन्हीकडे पाहिले असते तरी त्याला काहीही दिसले नसते.

पाहणीचा अहवाल पालकांना लेखी मिळतो, आणि संपूर्ण सेवेत मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे. वाटेवरील प्रत्येक अडचणीच्या जागेसाठी त्यात एक पान असते. पदपथ कोठे तुटतो, कोणत्या फाटकातून गाड्या मागे घेत बाहेर काढल्या जातात, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे कोठे पुसले गेले आहेत, हिवाळ्यातील सकाळी कोठे दिवा लागत नाही, आणि शाळा भरण्याच्या वेळी वाहने प्रत्यक्षात किती वेगाने जातात, हे सगळे त्यावर नोंदलेले असते. वेगावर संस्थेचा फार भर आहे आणि त्याचे कारण आकड्यांत आहे. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीनुसार ताशी ३२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार चालकाला धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत १२ मीटर अंतर घेते, तर ताशी ४८ किलोमीटर वेगाने जाणारी २३ मीटर घेते. आता मूल मोटारीपुढे बारा मीटरवर रस्त्यात आले असे धरा. पहिली मोटार त्याच्यापाशी येऊन थांबते. दुसऱ्या मोटारीचे पहिले नऊ मीटर चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपलेले असतात, उरलेल्या तीन मीटरांत वेग फारसा उतरत नाही, आणि ती ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाने मुलावर आदळते. दोन चालकांच्या सावधपणात काडीचाही फरक नसताना हे घडते.

दुसरे कारण मुलांच्या नजरेचे आहे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येणारे वाहन आपल्याकडे येत आहे हे खात्रीने ओळखता येत नाही. समोरून येणारी वस्तू डोळ्यात किती झपाट्याने मोठी होत जाते यावरून आपण तिचा वेग ताडतो, आणि ती क्षमता या वयात पूर्ण विकसित झालेली नसते. म्हणजे वाहन जितके वेगात, तितके ते मुलाला जागच्या जागी उभे असल्यासारखे भासण्याची शक्यता अधिक. हे वाचल्यावर, मूल ‘धावत रस्त्यात आले’ असे म्हणून अपघाताचा दोष त्याच्यावर टाकणाऱ्या बातम्या मला सहन होत नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक मंत्रिपरिषदेच्या जाहीरनाम्यात, पादचारी आणि वाहने जेथे वारंवार एकत्र येतात तेथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर ठेवावा असे म्हटले आहे. संस्था आपल्या प्रत्येक अहवालासोबत पालिकेला जे पत्र पाठवते, त्यात शाळेच्या परिसरासाठी हीच मागणी पहिली असते. आमच्या वाटेवर त्या पत्रामुळे दोन गोष्टी झाल्या: वर सांगितलेल्या कोपऱ्यावर गाड्या उभ्या राहू नयेत म्हणून खांब रोवले गेले आणि एका झेब्रा क्रॉसिंगला उंचवटा मिळाला. बाकी मागण्या अजून कागदावर आहेत.

रोजच्या रांगेविषयी आता. सहा वर्षांपर्यंतच्या तीन मुलांमागे एक मोठे माणूस आणि त्यापुढच्या वयाच्या सहा मुलांमागे एक, हे प्रमाण अमेरिकेतील सीडीसी या आरोग्य संस्थेच्या शिफारशींत आढळते आणि आमची संस्थाही तेच पाळते. रांगेत मोठी माणसे कधीही दोनपेक्षा कमी नसतात आणि एकटे मूल व एकटा स्वयंसेवक अशी वेळ येऊ दिली जात नाही. स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी झालेली असते आणि तिचा दाखला पालकांना मागताच दाखवला जातो. थांब्यावर रांग ठरलेल्या वेळी येते आणि मूल आले नसेल तर थांबत नाही. हा नियम प्रथम कठोर वाटतो, पण एका थांब्यावरची ढिलाई पुढच्या प्रत्येक थांब्यावर साचत जाते आणि शेवटी मुलांना घाईने रस्ता ओलांडायला लागतो, हे लक्षात आल्यावर पटतो.

रस्ता ओलांडताना पुढचे माणूस आधी एकटे रस्त्यात उतरते, वाहनांकडे तोंड करून उभे राहते, थांबलेल्या वाहनाच्या चालकाशी नजर जुळली की हात वर करते, आणि मगच रांग पुढे सरकते. मागचे माणूस शेवटच्या जोडीबरोबर ओलांडून पलीकडे गेल्यावर मोठ्याने मुले मोजते. दोन पदरी रस्त्यावर एक वाहन थांबले म्हणून रांग पुढे सोडत नाहीत, दुसऱ्या पदराचीही खात्री करतात. थांबलेल्या वाहनाच्या आडून दुसरे वाहन येणे हा झेब्रा क्रॉसिंगवरील नेहमीचा घातक प्रकार आहे. गाड्या मागे घेत बाहेर पडणाऱ्या फाटकांपाशीही हीच शिस्त असते, जी मी पालक म्हणून पूर्वी कधी पाळली नव्हती, कारण फाटक म्हणजे रस्ता असे आपल्या मनात येतच नाही.

सिग्नलचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याचा वेळ बहुधा सेकंदाला सुमारे १.२ मीटर या मोठ्या माणसाच्या चालीवर काढलेला असतो. सात मीटर रुंदीच्या रस्त्याला त्या हिशेबाने सहा सेकंद पुरतात. परंतु बारा मुले दोनदोनच्या जोड्यांनी चालत असतील तर रांगच पाचसहा मीटर लांब होते, लहान मुलांची चाल सेकंदाला एक मीटरच्या आसपास राहते, आणि शेवटची जोडी पलीकडे पोहोचेपर्यंत बारा-तेरा सेकंद जातात. म्हणजे पुढची मुले पोहोचली तरी मागची मुले लाल दिव्यात रस्त्याच्या मध्यावर. संस्थेने हा हिशेब मांडून सकाळच्या वेळेपुरता दिवा वाढवून मागितला आहे, आणि तो मिळेपर्यंत मोठी रांग त्या चौकात दोन तुकड्यांत विभागून नेली जाते. इतका विचार करणारी सेवा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

शाळेच्या फाटकापाशी जी गर्दी होते ती मुख्यतः मुलांना मोटारीने सोडायला आलेल्या आपणा पालकांचीच असते. रस्ता धोक्याचा म्हणून मोटार काढायची, मोटारी वाढल्या म्हणून रस्ता आणखी धोक्याचा, आणि म्हणून आणखी पालकांनी मोटार काढायची, असे हे दुष्टचक्र आहे. अमेरिकेत १९६९ मध्ये आठवीपर्यंतच्या वर्गांतील सुमारे ४८ टक्के मुले चालत किंवा सायकलने शाळेत जात; २००९ पर्यंत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. इटलीतील बोल्झानो शहराने १९८९ पासून शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी फाटकासमोरचा रस्ता वाहनांना बंद ठेवण्यास सुरुवात केली आणि पुढे लंडन, पॅरिससारख्या शहरांनी ती रीत उचलली. आमच्या शाळेत संस्थेने याची मवाळ आवृत्ती राबवली: मोटारीने येणाऱ्यांनी मूल फाटकाशी न सोडता पाच मिनिटांच्या अंतरावरील ठरलेल्या जागी सोडायचे आणि तेथून ते रांगेला लागते. यामुळे दूर राहणारी मुलेही थोडीफार चालतात आणि फाटकासमोरचा कोंडमारा कमी होतो. काही पालक अजूनही फाटकापर्यंत गाडी आणतात आणि त्यांना अडवण्याचा अधिकार संस्थेकडे नाही. तो अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी रस्ताच बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशाच्या बाजूविषयी एवढेच सांगते, की वर्गणी देऊ शकणारे पालक, शाळा आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पैसे भरणाऱ्या कंपन्या यांच्या उत्पन्नातून वर्गणी न परवडणाऱ्या मुलांचा खर्च निघतो आणि वर्षाचा हिशेब सर्वांना पाहता येतो. सामाजिक उद्योग म्हणवणाऱ्या संस्थेच्या बाबतीत, शिल्लक राहिलेला पैसा कोठे जातो हे विचारलेच पाहिजे. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ हा स्वतंत्र कायदेशीर प्रकार आहे आणि त्यात संस्थेची मालमत्ता समाजाच्या कामासाठी बांधलेली राहते, मालकांना ती आपसांत वाटून घेता येत नाही. असे कायदेशीर बंधन नसेल तेथे निदान घटनेत तशी तरतूद लेखी असावी. या संस्थेच्या घटनेत ती आहे.

तक्रारींपैकी सर्वांत गंभीर तक्रार वाटांच्या निवडीची आहे. ज्या वस्त्यांतून वर्गणी येते तेथून वाटा आधी आखल्या गेल्या. मोठ्या रस्त्यापलीकडच्या वस्तीतील मुले, ज्यांच्या घरी मोटारच नाही आणि म्हणून जी आधीपासूनच रोज चालत येतात, ती या सेवेच्या बाहेर राहिली. तो मोठा रस्ता सोबतीनेही ओलांडण्याजोगा नाही, असे कारण संस्थेने दिले. कारण खोटे नाही, पण जी वाट मोठ्यांच्या रांगेसाठीही धोक्याची ठरवली जाते, त्याच वाटेवरून तीच मुले दररोज एकटी येतात, याचा विचार आधी व्हायला हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांनुसार ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण रस्ते अपघात हे आहे, आणि चालण्यावाचून पर्याय नसलेल्यांच्या वाट्याला हा धोका अधिक येतो. चालण्याची सवय लावणे हे मोटारीने जाणाऱ्या मुलांसाठीचे काम. चालणाऱ्या मुलांचा जीव राखणे हे त्याहून तातडीचे.

दुसरी तक्रार वर्गातल्या प्रशिक्षणाची. रस्ता सुरक्षेचे तास फळ्यावरची चित्रे आणि घोषणा यांत जातात आणि शेवटी बिल्ले वाटले जातात. बिल्ल्यांचे अप्रूप लवकर ओसरते. हाच वेळ प्रत्यक्ष कोपऱ्यावर उभे राहून, उभ्या गाडीच्या कडेपर्यंत येऊन थांबणे, इंजिनाचा आवाज ओळखणे, मागचे दिवे लागलेली, मागे घेतली जाणारी गाडी हेरणे, अशा सरावात घालवला तर मुले अधिक शिकतील. रांगेतील ताई हे चालता चालता शिकवतात आणि ते मुलांच्या अंगवळणी पडते. वर्गातील तास मात्र जुन्या वळणाचे आहेत.

तिसरी तक्रार फोनवरील अ‍ॅपची होती. रांग शाळेत पोहोचल्याचा संदेश येतो, तो उपयोगी आहे. परंतु सुरुवातीला रांगेचे ठिकाण नकाशावर सर्व नोंदणीकृत पालकांना सतत दिसत असे, आणि लहान मुलांचा गट कोणत्या क्षणी कोठे आहे हे इतक्या जणांना दिसणे मला अयोग्य वाटले. पालकांनी लेखी हरकत घेतल्यावर ते दर्शन बंद झाले आणि आता फक्त थांबा सोडल्याचा व शाळेत पोहोचल्याचा निरोप येतो. हरकत घ्यावी लागायला नको होती.

स्वयंसेवक न आल्यामुळे रांग ऐनवेळी रद्द होणे, विशेषतः पावसात, हा दोषही आहे. पालक स्वयंसेवकांवर सगळी भिस्त असली की परीक्षांच्या आणि सणांच्या दिवसांत माणसे कमी पडतात. संस्थेने काही पगारी सोबती नेमले आहेत आणि त्यांच्या वाटांवर खंड पडत नाही. तेव्हा वर्गणी थोडी वाढवून प्रत्येक वाटेवर एक पगारी माणूस ठेवावे, असे मी त्यांना कळवले आहे.

मुलांवर काय परिणाम झाला, असे बरेच जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते, आणि शाळेपर्यंतची व परतीची वाट त्यातील चांगला वाटा उचलते. त्याहून मला मोलाचे वाटते ते हे, की मुलांना आपल्या परिसराची ओळख झाली. थोरली मुलगी आता वरच्या गटात आहे. या गटाला सोबत हळूहळू सैल केली जाते, आधी मोठे माणूस पुढे, मग मागे, मग पुढच्या थांब्यावर वाट पाहणारे, आणि प्रत्येक टप्पा पालकांच्या लेखी संमतीनेच ओलांडला जातो. मूल एकटे चालू लागेल हे उद्दिष्ट समोर ठेवून आखलेली ही उतरंड मला अत्यंत विचारपूर्वक वाटली. धाकटा अजून दोरीच्या गटात आहे आणि तेथे त्याने आणखी काही काळ राहावे असे त्याच्या गटाच्या ताईंचे मत आहे. मला ते मान्य आहे.

पुढील सत्राच्या आधी होणाऱ्या पाहणीत मोठ्या रस्त्यापलीकडची वाट घेण्याचे संस्थेने आता लेखी मान्य केले आहे. ती पाहणी शाळा भरण्याच्या वेळीच होणार आहे, जेणेकरून वाहनांचा खरा वेग आणि मुलांची खरी वर्दळ नोंदली जाईल, आणि तिच्या अहवालासोबत त्या जागी पादचारी सिग्नलची मागणी पालिकेकडे जाईल. त्या मागणीवर वर्गणीदार पालकांइतक्याच पलीकडच्या वस्तीतील पालकांच्या सह्या असाव्यात यासाठी आम्ही काही जण तेथे जाऊन बोलत आहोत. ज्यांना पाहणीत चालायचे आहे त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावे.